फायलीतून उडालेली घुबडं

राक्षसाची गोष्ट मुलांना सांगणं सोपं असतं. त्याला शिंगं असतात, सुळे असतात, तो हसला की गडगडाट होतो. चोराचीही सांगता येते. तो रात्री येतो, अंगाला तेल लावून येतो, कुत्रं भुंकलं की पळतो. पण लाच खाणाऱ्या माणसाची गोष्ट पोरांना कशी सांगायची? तो तर शेजारच्या काकांसारखाच दिसतो. इस्त्रीचा शर्ट घालतो, सत्यनारायणाच्या पूजेला बोलावतो, रस्त्यात भेटला तर ‘कितवीत गेलास रे?’ असं विचारून गालाला हात लावतो. त्याला खलनायक कसं करायचं? बहुतेक घरांत मग हा विषय निघतच नाही. पुढे कधीतरी एखाद्या दाखल्यासाठी मुलगा किंवा मुलगी आपल्याबरोबर कचेरीत येते, टेबलाखालून काहीतरी सरकताना पाहते आणि कोणी न शिकवता तो धडा शिकते. घरी येताना आपण एवढंच म्हणतो, ‘चालायचंच!’

हे ‘चालायचंच’ ज्यांना मान्य नाही अशा तीन पोरांची एक हसरी गोष्ट अमेरिकेत २००२ साली पुस्तकरूपाने आली आणि २००६ मध्ये तिचा चित्रपट झाला. तिचं नाव ‘हूट’, म्हणजे घुबडाचा घूत्कार. चित्रपट फार गाजला नाही. समीक्षकांनी नाकं मुरडली, तिकीटबारीवर घातलेला पैसाही वसूल झाला नाही. पण सुटीच्या दिवशी आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांनी एकत्र बसून पाहावेत आणि नंतर जेवणाच्या ताटावर त्यावर बोलावं असे चित्रपट तसे थोडेच. ‘हूट’ त्यातला आहे. आणि गंमत म्हणजे, या फ्लोरिडातल्या गोष्टीचा एक धागा थेट आपल्या खानदेशाशी जाऊन जुळतो. त्याच्याकडे येऊच. आधी गोष्ट.

तीन तऱ्हेची तीन पोरं

रॉय एबरहार्ट हा शाळकरी मुलगा. वडील सरकारी नोकरीत, त्यामुळे बदल्या सतत. बदलीच्या नोकरीतल्या घरात वाढलेल्या कुणालाही हा मुलगा लगेच ओळखीचा वाटेल. नव्या शाळेत नवा वर्ग, नवी टिंगल, नवा दादा. मोंटानाच्या डोंगराळ मुलखातून तो फ्लोरिडातल्या कोकोनट कोव्ह नावाच्या (अर्थात काल्पनिक) गावात येऊन पडतो. शाळेच्या बसमध्ये वर्गातला दांडगट मुलगा त्याचं तोंड खिडकीच्या काचेवर दाबून धरतो आणि त्या चेपलेल्या नजरेतून रॉयला बाहेर एक मुलगा दिसतो. अनवाणी, भन्नाट वेगाने धावणारा. शाळेच्या वेळेला शाळेकडे पाठ करून हा कुठे पळतोय?

हा मुलगा म्हणजे ‘मुलेट फिंगर्स’. मुलेट नावाचे मासे हातांनी पकडतो म्हणून हे नाव. घरातून जवळजवळ हाकलला गेलेला, रानात लपून राहणारा. त्याची सावत्र बहीण बिअट्रिस ही तिसरी. फुटबॉल खेळणारी, अंगापिंडाने भक्कम, जिच्या वाटेला जायला मुलगेही घाबरतात अशी. एक पापभीरू, एक रानटी आणि एक खमकी. एरवी ही तिघं एका बाकावर बसली नसती. त्यांना एकत्र आणतात ती जमिनीतल्या बिळात राहणारी वीतभर उंचीची घुबडं.

गावातल्या एका मोकळ्या मैदानावर ‘मदर पॉला’ या साखळी उपाहारगृहाची नवी शाखा व्हायची आहे. विकायचे काय, तर पॅनकेक, म्हणजे आपल्या धिरड्यांचा गुबगुबीत, गोड अमेरिकी भाऊ. मैदानात घुबडांची बिळं आहेत. कायद्याने तिथे बुलडोझर घालता येत नाही. पण कंपनीच्या साहेबाला घाई आहे आणि नगराध्यक्षाला हसतमुखाने कुदळ मारून फोटो काढून घ्यायचा आहे. मग सगळ्यात सोपा उपाय काय? घुबडं नाहीतच असं म्हणायचं! मुकादमाला कोणी विचारलं, तर तो निरागस चेहऱ्याने उलट विचारतो, घुबडं? कसली घुबडं?

आणि इथून धमाल सुरू होते. आखणीचे खुंटे रात्रीत उपटले जातात. कामगारांच्या तात्पुरत्या संडासात मगरीची पिल्लं निघतात. पहाऱ्यावर आलेला पोलीस गाडीत डुलकी काढतो, तर जागा होईपर्यंत त्याच्या गाडीच्या काचा काळ्या रंगाने रंगवलेल्या! सूर्य उगवला तरी त्या बिचाऱ्याची रात्र संपत नाही. ल्यूक विल्सनने हा भाबडा पोलीस फार गोड केला आहे. रॉयच्या भूमिकेत लोगन लर्मन आहे. बिअट्रिस झालेली ब्री लार्सन पुढे ‘रूम’ या चित्रपटासाठी २०१६ मध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर घेऊन गेली. जुन्या जमान्याचा देखणा नट रॉबर्ट वॅग्नर इथे नगराध्यक्ष आहे. दिसायला इतका सभ्य की हा माणूस काही गैर करेल असं वाटूच नये. सुरुवातीला म्हटलं ते हेच. लाच खाणाऱ्याला शिंगं नसतात.

पत्रकाराच्या पोतडीतून

गोष्टीचे लेखक कार्ल हायासन हे मूळचे पत्रकार. १९५३ मध्ये फ्लोरिडातच जन्मले, १९७६ साली ‘मायामी हेराल्ड’मध्ये लागले आणि १९८५ पासून २०२१ पर्यंत तिथे स्तंभ लिहीत राहिले. बिल्डर, नगरसेवक, जमिनीचे सौदे आणि दलदलीत भराव टाकून उभ्या राहणाऱ्या वसाहती हा त्यांच्या लेखणीचा रोजचा खुराक. मोठ्यांसाठी त्यांनी लिहिलेल्या विनोदी गुन्हेकथांमध्येही हीच मंडळी वेगवेगळ्या टोप्या घालून येतात. ‘हूट’ हे त्यांचं मुलांसाठीचं पहिलं पुस्तक. अमेरिकेतल्या बालसाहित्यात मानाच्या समजल्या जाणाऱ्या न्यूबेरी पुरस्कारांत त्याला २००३ साली सन्मान मिळाला.

त्यामागे त्यांचं स्वतःचं लहानपण आहे. घराजवळच्या माळावर त्यांनी ही बिळातली घुबडं पाहिली होती आणि माळावर बुलडोझर फिरतानाही पाहिला होता. मोजणीवाल्यांचे खुंटे मित्रांबरोबर उपटल्याचं त्यांनी स्वतःच सांगितलं आहे. खुंटे उपटून बांधकाम थांबत नाही, हे त्यांना तेव्हाच कळलं असणार. पुढे त्यांनी आयुष्यभर शब्दांनी खुंटे उपटले. चित्रपटाचा एक निर्माता म्हणजे फ्लोरिडाशी नातं सांगणारा लोकप्रिय गायक जिमी बफे. त्याने संगीत दिलं आणि शाळेतल्या विज्ञानाच्या मास्तरांची छोटीशी भूमिकाही केली. २०२३ मध्ये तो गेला.

बिळातला चिमुकला

आता ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्या घुबडांकडे वळू. इंग्रजीत त्यांना ‘बरोइंग आउल’ म्हणतात आणि शास्त्रीय नाव आहे ‘अथीनी क्युनिक्युलारिया’. उंची जेमतेम वीतभर, पाय लांबसडक, डोळे पिवळेजर्द. घुबड असूनही हा पक्षी दिवसाढवळ्या बिळाच्या तोंडाशी उभा राहून टकामका बघत असतो. अमेरिकेच्या पश्चिमेकडची त्याची भावंडं बहुधा दुसऱ्या प्राण्यांनी खणलेल्या बिळात राहतात. फ्लोरिडातला हा मात्र स्वतःचं बीळ बरेचदा स्वतः खणतो. पिल्लांना धोका वाटला की ती बिळातून रॅटलस्नेक सापासारखा आवाज काढतात. बाहेरचा शत्रू समजतो आत साप आहे आणि निघून जातो. कवच नाही, नख्या इवल्याशा, पण अक्कल बघा! आणखी एक गंमत. ही घुबडं जनावरांचं शेण आणून बिळाच्या तोंडाशी पसरतात. कशासाठी? शेणकिडे आपणहून चालत यावेत म्हणून. फ्लोरिडातल्या संशोधकांनी २००४ साली हे प्रयोगाने दाखवून दिलं. घरबसल्या जेवणाची सोय!

फ्लोरिडात ही घुबडं सर्वांत जास्त आहेत ती केप कोरल या शहरात. हे शहर १९५७ पासून दोघा रोझेन बंधूंनी वसवलं. झाडं तोडून, कालवे खणून, प्लॉट पाडून. मोकळी, बुटक्या गवताची कोरडी जमीन घुबडांना आवडते. प्लॉट पडले, पण घरं लगेच उभी राहिली नाहीत. त्या रिकाम्या प्लॉटांवर घुबडं नांदू लागली. म्हणजे बांधकामानेच त्यांना जागा दिली आणि आता बांधकामच ती काढून घेतंय. तिथले स्वयंसेवक बिळांभोवती खुंट्या ठोकून दोरी बांधतात आणि घुबडाला बसायला लाकडी आडोळं करून देतात. गोष्टीतली मुलं खुंटे उपटतात, गावातली माणसं खुंट्या ठोकतात. हेतू एकच.

फायलीतलं एक पान

पण ‘हूट’ ही निव्वळ पक्ष्यांची गोष्ट असती, तर इथे तिच्याबद्दल इतकं लिहिण्याचं कारण नव्हतं. तिचा खरा गाभा एका फायलीत आहे.

कादंबरीत रॉय नगरपालिकेच्या कचेरीत जातो आणि पॅनकेकवाल्यांच्या बांधकामाची फाईल बघायला मागतो. शाळकरी पोरगा आणि फाईल? पण तो मागू शकतो. फ्लोरिडाचा सरकारी कागदपत्रं खुली ठेवण्याचा कायदा थेट १९०९ सालचा आहे, आणि सरकारी बैठका उघड्यावर घेण्याची सक्ती १९६७ पासूनची. खिडकीवर उत्तर मिळतं की फाईल कोणीतरी नेली आहे. आपल्यापैकी कितीजणांनी हे वाक्य ऐकलं असेल! ‘साहेबांकडे आहे’, ‘वर गेली आहे’, ‘उद्या या’. पुढे रॉयचे वडील ती फाईल मिळवतात, तेव्हा तिच्यात सगळं असतं, फक्त पर्यावरणाच्या परिणामांचा अहवाल नसतो. नेमकी तीच पानं गायब. कारण त्या पानांवर घुबडं होती.

भ्रष्टाचार म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर नोटांची बंडलं येतात. पण त्याचं खरं काम असं शांतपणे, कागदावर चालतं. जागेवर जे आहे ते कागदावरून काढून टाकायचं आणि जागेवर जे नाही ते कागदावर आणायचं. पाऊस न पडलेल्या गावात छत्र्या वाटल्याची नोंद होते, आणि ज्या तळ्यात आपण लहानपणी पोहलो त्या तळ्याच्या जागी नकाशावर ‘निवासी’ असा शिक्का पडतो. घुबडांना मारायची गरजच नसते. ती फायलीतून उडाली की मैदानातून उडायला वेळ लागत नाही.

योगायोग असा की हा चित्रपट अमेरिकेत मे २००६ मध्ये आला, त्याच्या काही महिने आधी, १२ ऑक्टोबर २००५ रोजी, आपल्या देशात माहितीचा अधिकार लागू झाला होता. महाराष्ट्राने आपला कायदा त्याआधीच, २००२ मध्ये केला होता. त्यामागे अण्णा हजारे यांची उपोषणं होती आणि राजस्थानात मजूर-शेतकऱ्यांनी नव्वदच्या दशकात गावोगाव घेतलेल्या जनसुनवाया होत्या. त्या सुनावण्यांत मजुरीच्या हजेरीपटावरची नावं मोठ्याने वाचली जात आणि मेलेली माणसं कामावर हजर असल्याचं उघडकीस येई. हसावं की रडावं! दहा रुपयांचा अर्ज आणि तीस दिवसांची मुदत. या दोन साध्या गोष्टींनी ‘फाईल वर गेली आहे’ या वाक्याची मिजास थोडी तरी उतरवली. सगळी नाही, हे आपण जाणतोच.

खानदेशातला भाऊबंद

आता तो खानदेशाचा धागा. ज्या ‘अथीनी’ कुळीतलं हे फ्लोरिडाचं घुबड, त्याच कुळीतला आपला पिंगळा. तिन्हीसांजेला चिंचेच्या ढोलीतून मान काढून कचकच करणारा. पहाटेच्या अंधारात डमरू वाजवत दारी येऊन भविष्य सांगणारा पिंगळाही आपल्याला ठाऊक आहे. एकनाथांनी त्याच्यावर भारूड रचलं. म्हणजे आपल्या भाषेत हे नाव पक्ष्याचं आणि माणसाचंही. तरीही घुबड म्हटलं की आपण अपशकुन म्हणतो, दगड भिरकावतो.

याच पिंगळ्याचा एक दुर्मीळ भाऊ म्हणजे वनपिंगळा. १८७३ मध्ये ॲलन ह्यूम यांनी त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. हेच ह्यूम पुढे काँग्रेसच्या स्थापनेमुळे आपल्याला माहीत झाले. खानदेशात जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने १८८४ पर्यंत त्याचे काही नमुने जमवले आणि त्यानंतर पक्षी दिसेनासा झाला. संग्रहालयात एक नमुना मात्र १९१४ सालचा, गुजरातेतला म्हणून नोंदलेला होता. तो जमा केला होता कर्नल रिचर्ड माइनरट्झहेगन या बड्या पक्षितज्ज्ञाने. साहजिकच शोध घेणारे त्या नोंदीवर विसंबून गुजरातेतही भटकले. पक्षी मिळाला नाही. बहुधा नामशेष झाला, अशी समजूत झाली.

पामेला रासमुसेन या अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ बाईंनी तो नमुना बारकाईने तपासला, तेव्हा भलतंच निघालं. कर्नलसाहेबांनी डेव्हिडसनचाच एक जुना नमुना ब्रिटिश संग्रहालयातून लांबवून, पुन्हा भरून, त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती! खोटी चिठ्ठी बाजूला काढल्यावर शोध कुठे घ्यायचा ते स्पष्ट झालं. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे तेव्हाच्या धुळे आणि आताच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याजवळ पोहोचले, आणि एका सकाळी उघड्या फांदीवर वनपिंगळा बसलेला दिसला. तब्बल ११३ वर्षांनी! पुढे तोरणमाळ, मेळघाट, यावल आणि तानसाच्या जंगलांतही त्याच्या नोंदी झाल्या.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघा. कोकोनट कोव्हमध्ये जमिनीवरचं घुबड कागदावरून गायब झालं. खानदेशातलं घुबड खोट्या कागदामुळे दुसऱ्याच मुलखात शोधलं गेलं. दोन्ही ठिकाणी पक्षी आपल्या जागी होता. खोटं बोलत होता तो कागद. आणि दोन्ही ठिकाणी कोणीतरी हट्टाने विचारलं, मूळ कागद दाखवा.

खुंटे उपटावेत का?

मुलांना घेऊन हा चित्रपट पाहाल, तर एका प्रश्नाला तयार राहा. ‘बाबा, खुंटे उपटणं ही चोरी नाही का?’ प्रश्न रास्त आहे. पोलिसाच्या गाडीला रंग फासणं, कामगारांच्या अंगावर मगरी सोडणं, हे पडद्यावर कितीही गमतीचं वाटलं तरी कायद्यात बसत नाही. तो बिचारा कामगार तर पोटासाठी राबतो आहे. त्याचा काय दोष?

गोष्ट हा प्रश्न टाळत नाही. रॉय आणि मुलेट फिंगर्स यांच्यातलं अंतर हेच आहे. रानात राहणाऱ्या मुलाला कुठली कचेरी आपलं ऐकेल असा भरवसाच नाही, कारण कोणी मोठ्या माणसाने त्याचं आजवर ऐकलेलं नाही. रॉयच्या घरात मात्र त्याचं ऐकलं जातं. आईवडील त्याला ‘तू यात पडू नकोस’ असं म्हणून उडवून लावत नाहीत. म्हणून त्याला फाईल मागायचं सुचतं आणि मित्रांना बरोबर घेण्याचंही. खुंटे उपटून मुलेट फिंगर्स वेळ मिळवतो, पण मैदान वाचतं ते सगळ्यांसमोर खरं बोलल्याने. मुलांना सांगायचं तर एवढंच सांगता येईल, की रागावण्यात चूक नाही, पण राग कुठे घेऊन जायचा हे शिकावं लागतं. आणि ते शिकवायचं कोणी, हा प्रश्न मात्र आपल्याकडे वळतो.

आपल्या मध्यमवर्गीय घरांत ‘आपल्याला काय करायचंय’ हे वाक्य दिवसातून किती वेळा उच्चारलं जातं, ते एकदा मोजून पाहावं. ते भित्रेपणातून येतं असं नाही. बरेचदा मायेतूनच येतं. पोराला त्रास होऊ नये, त्याच्या अभ्यासाचं नुकसान होऊ नये. पण त्या मायेची एक किंमत असते. ज्याला घरात ‘काय करायचंय’ ऐकायची सवय होते, तो उद्या कचेरीत खिडकीच्या आतल्या बाजूला बसला, तर बाहेरच्यालाही तेच ऐकवतो.

शेवट गोड

चित्रपटाचे दोष आहेत. खलनायक चित्रातल्यासारखे सपाट आहेत, पोलीस फारच बावळट आहे आणि गुंता सुटतो तो फार सहज. खऱ्या आयुष्यात नगराध्यक्ष असा एका दुपारी उघडा पडत नाही. चौकशी समिती बसते, ती उठत नाही आणि तोवर पॅनकेक तळून, विकून संपलेले असतात. आपल्याकडे कुंदन शहा यांच्या ‘जाने भी दो यारों’ने १९८३ सालीच हे दाखवून ठेवलं आहे. तिथेही दोन साधेभोळे मित्र आहेत, बिल्डर आहे, पालिकेचा अधिकारी आहे आणि हसून हसून पोट दुखतं. पण शेवटी खरं बोलणारे ते दोघेच कैद्याच्या कपड्यांत दिसतात आणि हसू घशात अडकतं. त्याही आधी, १८३६ साली, रशियात गोगोलने एका आडगावच्या लाचखाऊ अंमलदारांची अशी फजिती रंगभूमीवर आणली की पु. ल. देशपांडे यांना ती मराठीत ‘अंमलदार’ म्हणून आणावीशी वाटली. कुठल्याही गावाला ते आपलंच गाव वाटलं.

मोठ्यांच्या विनोदात सत्य हरतं, मुलांच्या विनोदात जिंकतं. मग मुलांना आपण खोटं सांगतो का? तसं वाटत नाही. मोठ्यांचा विनोद काय घडतं ते सांगतो, मुलांचा विनोद काय घडू शकतं ते सांगतो. शहाद्याच्या रानात ११३ वर्षांनी पक्षी दिसला, हेही तर खरंच घडलं. दोन्ही माहीत असलेला माणूस निराशही होत नाही आणि भाबडाही राहत नाही.

‘हूट’च्या शेवटाकडे एक लहानसा प्रसंग आहे. भूमिपूजनाची गर्दी, बँड, भाषणं, आरडाओरडा. मुलं सगळ्यांना एकच विनंती करतात. थोडा वेळ गप्प राहा. हळूहळू सगळा गोंगाट शमतो. माणसं मैदानाकडे बघत उभी राहतात. आणि मग एका बिळातून दोन पिवळे डोळे वर येतात. आता तिथे घुबडं नाहीत असं म्हणण्याची कोणाचीच छाती होत नाही.